हात वर न करण्याचे दिवस

१४ ऑक्टोबर

काल दुपारी घरी आलो. घरी म्हणजे बाबांकडे. माझी जागा दुसऱ्या मजल्यावर, आणि तिथे मला सदरा चढवून देणारं कोणी नाही. लिव्हरपूलच्या रुग्णालयातल्या नर्सने सोडताना विचारलं, "घरी कोण आहे?" मी म्हणालो, वडील. "वय काय त्यांचं?" शहात्तर. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे नक्की कोण कोणाची काळजी घेणार आहे?"

दोन्ही काखांखालून एकेक नळी बाहेर येते आणि तिच्या टोकाला एक बाटली. बाटलीत पातळ लाल पाणी. अंगात गळ्यापासून कमरेपर्यंत घट्ट बंडी, पुढून चेन असलेली. ती सहा आठवडे रात्रंदिवस घालायची. कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, पाठीवर टेकून अर्धवट बसून झोपायचं.

बाबा दारातच उभे होते. "झालं?"

"झालं."

"सगळं काढलं?"

"आतलं काढलं, लोंबणारं कातडं कापलं, उरलेलं ताणून शिवलं."

"शिंप्याचंच काम की." एवढं बोलून त्यांनी माझी पिशवी उचलली. चुलीजवळच्या स्वतःच्या खुर्चीत मला बसवलं आणि आपण स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल घेतलं. ती खुर्ची त्यांनी पाहुण्यालासुद्धा कधी दिलेली नाही.

१५ ऑक्टोबर

खोकलं की दुखतं, हसलं की त्याहून दुखतं. बाबांना सांगितलं, मला हसवू नका. म्हणाले, "काळजी करू नकोस, तुझी आई गेल्यापासून या घरात कोणी विनोद केलेला नाही." त्यावर मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणी.

हे सगळं का केलं ते एकदा लिहून टाकतो. तीन वर्षांपूर्वी माझं वजन दीडशे किलो होतं. मी चालवतो त्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीत स्टिअरिंग पोटाला लागायचं. साखर वाढली, डॉक्टरीणबाईंनी दम भरला, मग चालायला लागलो, पाव सोडला, बिअर सोडली. सत्तर किलो उतरलो. गावातले लोक रस्त्यात थांबवून पाठ थोपटायचे. पण बाईसारखी वाढलेली छाती? ती नाही गेली. ती माझ्या दहाव्या वर्षापासून आहे आणि लठ्ठपणाशी तिचा फारसा संबंधच नव्हता, असं सर्जन म्हणाले. वजन उतरल्यावर उलट ती रिकाम्या पिशव्यांसारखी लोंबायला लागली. शेहेचाळीस वर्षांचा पुरुष मी, आणि आरशासमोर उभा राहिलो की दिवा मालवायचो.

बाबांना सांगितलं तेव्हा ते उठून कोळसा आणायला बाहेर गेले.

१७ ऑक्टोबर

आज बाबांनी माझं डोकं धुतलं.

हात वर होत नाहीत, आणि केसांना रुग्णालयाचा वास येत होता. बाबांनी सिंकपाशी खुर्ची उलटी लावली, माझ्या मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि मगने कोमट पाणी ओतायला लागले.

"डोळे मीट. तुझी आई म्हणायची तुला साबणाची भीती होती."

"चार वर्षांचा असताना, बाबा."

"मग? आता काय फार मोठा झालायस?"

चाळीस वर्षं खाणीत पाटीचा दगड फोडलेले हात. एका बोटाचं पेर नाही. मला वाटलं होतं घासणीने भांडं घासावं तसं घासतील. पण त्यांनी कपाळावर हात आडवा धरला, फेस डोळ्यांत जाऊ नये म्हणून. मी छताकडे बघत होतो. 

टॉवेलने डोकं पुसताना त्यांनी विचारलं, "असल्या डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू काय बोललास? दार उघडून आत गेलास, बसलास, आणि?"

मी म्हणालो, आठवत नाही. मला वाटतं त्यांना अजून पटलेलं नाही, की शहाण्यासुरत्या माणसाने हे कोणाला सांगावं.

१९ ऑक्टोबर

मेन्नाकडे जाऊन नळ्या काढल्या. मेन्ना आमच्या दवाखान्यातली नर्स, शाळेत माझ्या एक वर्ष पुढे होती, अजून तशीच वागते. गाडी बाबांनी चालवली. मी छाती आणि सीटबेल्टच्या मध्ये उशी धरून बसलो होतो.

"मोठा श्वास घे आणि सोड," मेन्ना म्हणाली आणि सोडतानाच नळी ओढली. आतून लांब गांडूळ सरकल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. किळस मात्र आली.

मग तिने बंडीची चेन उघडली, पट्ट्या काढल्या. "बघायचंय का?"

बघितलं. बघायला नको होतं. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टाक्यांची जांभळी रेघ. सगळं सुजलेलं, डावीकडे उजवीपेक्षा जास्त. स्तनाग्रं काढून छोटी करून परत लावली आहेत, ती काळीठिक्कर पडलेली, जळक्या पावाच्या तुकड्यांसारखी.

"ती मेली," मी म्हणालो.

"खपली आहे. खाली काय आहे ते दोन-तीन आठवड्यांनी कळेल. आत्ता रडायचं नाही." मग तिने दार उघडून हाक मारली, "इद्वालकाका, आत या. पट्टी कशी बदलायची ते तुम्हाला शिकवायचंय."

मला नको होतं. पण बाबा आले. टोपी हातात धरून उभे राहिले. मला वाटलं तोंड फिरवतील. त्यांनी तोंड फिरवलं नाही. वाकून पाहिलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं, एखादी पाटी उजेडाला धरून चीर शोधावी तसं. आणि मेन्नाला प्रश्नांवर प्रश्न. किती वेळ लागतो? पूर्ण भूल देतात का? हृदयाचं औषध चालू असलं तर चालतं का?

"माझं हृदय ठीक आहे, बाबा," मी म्हणालो.

"मी सहज विचारलं."

"किती वर्षांपर्यंत करतात?" हाही प्रश्न त्यांनी विचारला. मेन्ना हातातली पट्टी तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वयापेक्षा तब्येत बघतात, काका."



२१ ऑक्टोबर

बंड्या दोन आहेत, एक अंगात, एक धुण्यात. आज बदलली तर धुतलेली बंडी सैल वाटली, खांद्यापाशी ताणल्यासारखी. बाबांनी गरम पाण्यात घातली असणार. त्यांना म्हणालो, कोमट पाणी, बाबा, लेबलावर लिहिलंय. त्यांचे कान लाल झाले. "बरं बरं," म्हणाले, आणि कुत्रा नसताना कुत्र्याला फिरवायला निघाल्यासारखे घाईघाईने बाहेर गेले.

म्हातारपणी माणूस लहानसहान गोष्टी मनाला लावून घेतो. उगाच बोललो.

२४ ऑक्टोबर

मंगळवार. बाबा चॅपेलमध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, गाण्याच्या तालमीला गेले. आम्ही दोघेही गावातल्या पुरुषांच्या कॉयरमध्ये, गायनवृंदात, आहोत, ते वरच्या सुरात, मी खर्जात. परत आले तर हातात केकचा डबा. आरवेलच्या बायकोने दिलेला. आरवेल आमचा संचालक. डब्यावर चिठ्ठी: "हर्निया लवकर बरा होवो."

"हर्निया?"

बाबा बूट काढत होते.

"तुम्ही त्यांना हर्निया सांगितलंत?"

"लोक विचारतात. काहीतरी सांगावं लागतं."

"खरं सांगायचं! चोरी केलीय का मी? आयुष्यभर कपड्यांआड लपलो, आता कापून घेतलं तरी तुम्ही मला लपवताय. लाज वाटते तुम्हाला माझी."

मी इतक्या जोरात पूर्वी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. छातीत कळ आली. बाबा एक बूट पायात, एक हातात असे बसून होते. मग तसेच एका बुटावर कोळशाच्या खोपटात गेले आणि बराच वेळ तिथेच खुडबुडत राहिले.

केक चांगला होता. त्याचाही राग आला.

२५ ऑक्टोबर

कोणाच्या उपकारात राहायचं नाही असं ठरवून सकाळी कोळशाची बादली मी स्वतः आत आणली. अर्धीच भरली होती. डावीकडे आत काहीतरी टचकन झाल्यासारखं वाटलं. नसेलही.

२६ ऑक्टोबर

डावी बाजू जड. दाबलं की आत पाणी हलतं, गरम पाण्याच्या रबरी पिशवीसारखं. बाबांना सांगितलं नाही. आम्ही 'चहा हवा?' 'नको' एवढंच बोलतोय.

२९ ऑक्टोबर

काल शनिवार. सकाळी मला हुडहुडी भरली. बाबा पट्टी बदलायला आले, बंडी उघडली आणि थबकले. डावी बाजू पावासारखी फुगलेली, लाल, हात लावला तर चटका. "कधीपासून?" म्हणाले. "गेथिन, कधीपासून?"

त्यांनी मला कोट घातला, बूट घातले, नाड्या बांधल्या. खिंडीत ढग उतरलेले, पाऊस आडवा. गेली दोन वर्षं बाबा पावसात गाडी काढत नाहीत. काल पुढच्या काचेला नाक लावून, तोंडाने प्रार्थना की शिव्या पुटपुटत, त्यांनी मला किनाऱ्यावरच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. एक मेंढी रस्त्यात बसली होती. बाबा काच खाली करून तिच्यावर जे ओरडले ते चॅपेलमधल्या कोणी ऐकलं असतं तर त्यांना खालच्या सुरातही उभं केलं नसतं.

तिथे वाट बघत बसावं लागलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर घसरून पडलेली एक आजी, तिच्या मांडीवर बर्फाची पिशवी. मी म्हणालो, "बाबा, बादली मी उचलली. चूक माझी."

ते एकदम म्हणाले, "मला लाज वाटते हे खरं आहे. पण तुझी नाही."

मला कळलं नाही.

"सोळाव्या वर्षी खाणीत लागलो. उन्हाळ्यात सगळे सदरे काढून काम करायचे. मीही काढला. एकदाच." ते हळू बोलत होते, ओठ फारसे न हलवता. "संध्याकाळपर्यंत माझं नाव पडलं. दाई. दूधपाजी दाई. डब्याच्या सुट्टीत एकजण कपात चहा घेऊन आला, म्हणे थोडं दूध घाल. सगळे हसले. मीही हसलो. काय करणार? बारा वर्षं ते नाव चाललं, मग ते लोक एकेक करून गेले, काही खाण सोडून, काही जग सोडून. नाव राहिलं माझ्यापाशी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. जाड लोकरीचा सदरा, वर जाकीट, वर कोट. समुद्रावर जाताना, गवत कापताना, बॉयलर बिघडून चॅपेलची भट्टी झाली होती तेव्हाही, हेच. मी समजायचो, जुन्या वळणाचा माणूस. आणि ती बंडीही गरम पाण्याने ताणली नव्हती.

"तुझ्या आईलाही दिवा मालवल्याशिवाय..." ते थांबले. "आणि मग तू दहा वर्षांचा झालास. क्रिकिएथच्या किनाऱ्यावर तू सदरा काढलास आणि मला दिसलं. मला कळलं की माझंच तुला दिलंय मी. तेव्हा जवळ घेऊन सांगायचं होतं, बाळा, मलाही आहे. त्याऐवजी काय म्हणालो आठवतं?"

आठवत होतं. सदरा घाल, ऊन लागेल. ऊन नव्हतंच त्या दिवशी.

"छत्तीस वर्षं तू तो सदरा घातलास," बाबा म्हणाले.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. तरुण डॉक्टरीण होती, हसरी. जाड सुई घालून तिने गढूळ पाणी काढलं, एक मोठी वाटीभर. म्हणाली, कातडीखाली पोकळी राहते तिथे असं साठतं, पुष्कळांना होतं, पण तुमच्या पाण्यात जंतू झालेत, अजून दोन दिवस घरी बसला असता तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं असतं. शिरेतून औषध दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. बाबा खुर्चीत बसून झोपले, कोट अंगात तसाच, हात माझ्या पलंगाच्या कडेवर.

आज दुपारी सोडलं. मी फार नशीबवान आहे. हे औषधामुळे आलेलं वाक्य नाही.

३ नोव्हेंबर

ताप गेला. पुन्हा एकदा सुईने पाणी काढलं, या वेळी चमचाभर, स्वच्छ. मेन्नाने बादलीवरून माझी सालटी काढली. "वाचनालयातली सगळी पुस्तकं वाचलीस, सूचनांचा एक कागद नाही वाचता आला?" बाबा मध्ये पडले: "पुरे गं. त्याला कळलंय." लहानपणीही ते असे कधी मध्ये पडले नव्हते.

आम्ही दोघं आता जास्त बोलतो असं नाही. पण गप्प बसण्याची जात बदलली आहे.

१० नोव्हेंबर

उजवीकडची खपली आज पट्टीबरोबर निघाली. मी डोळे मिटून घेतले होते. बाबा म्हणाले, "बघ. अरे बघ तर." खाली कोवळी गुलाबी कातडी, जिवंत. डावीकडची अर्धी निघाली, तिथे कड थोडी खाल्ली गेलीय, गोल नाही राहणार. छातीला अजून स्पर्श कळत नाही, बोट फिरवलं तर दुसऱ्याच कोणाच्या अंगावर फिरवतोय असं वाटतं. मध्येच आतून विजेसारखी टोचणी येते. मेन्ना म्हणते, नसा जाग्या होतायत, वर्षभर लागेल, कदाचित पूर्ण होणारही नाही.

चालेल. मी मनापासून लिहितोय, चालेल.

१४ नोव्हेंबर

पाच आठवड्यांत पहिल्यांदाच तालमीला गेलो, नुसता ऐकायला. हात खाली, मागच्या बाकावर. आरवेलने सगळ्यांसमोर विचारलं, "काय गेथिन, हर्निया कसा आहे?"

मी तोंड उघडायच्या आत वरच्या सुरांच्या रांगेतून बाबा उठले. म्हणाले, "हर्निया नव्हता. मी खोटं बोललो. पोराच्या छातीवर बाईसारखं वाढलेलं होतं, ते काढून टाकलं. आमच्या घराण्यातच आहे." आणि थोडं थांबून, "माझं अजून जागच्या जागी आहे."

मागून ह्यू खाटिक म्हणाला, "इद्वाल, मला वाटायचं तू एवढा सूर ठेवतोस तरी कुठे." आधी बाबांनाच हसू फुटलं. मग सगळे. मी दोन्ही हातांनी छाती दाबून धरली होती, टाके राहोत की जावोत.

नंतर सगळे 'बावीस नंबर'चं स्तोत्र गायले. बाबांचा सूर दोनदा घसरला. आरवेलने हात थांबवला नाही.

२८ नोव्हेंबर

काल बंडी सुटली. आंघोळीनंतर आरशासमोर उभा राहिलो, दिवा चालू ठेवून. डावीकडे काखेजवळ कातडी थोडी चुण्या पडून गोळा झालीय. सर्जन म्हणतात, वर्षभराने हवं तर नीट करू. बहुतेक नाही करणार. खोल श्वास घेतला, मग आणखी खोल. कुठेच काही अडलं नाही.

आज बाबांना घेऊन गेलो. मीच गाडी चालवली. त्यांनी मेन्नाला गाठून स्वतःच सर्जनची वेळ घेतली होती, मला काल जेवताना सांगितलं, बटाटे वाढता वाढता. आत एकटेच गेले. सदरा इस्त्रीचा होता.

बराच वेळ लागला. बाहेर आले, टोपी घातली, म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?"

"हृदयाची झडप. भूल देणं धोक्याचं, फायद्यापेक्षा तोटा जास्त. सरळ सांगितलं त्यांनी. चांगले आहेत."

मी नवी छाती घेऊन त्यांच्यासमोर उभा. "बाबा, मला वाईट वाटतंय."

"कशाला?" ते खरंच चकित झाले होते. गाडीत बसले, पट्टा लावला, मी किल्ली फिरवणार तर माझा हात धरला.

"सदरा काढ म्हणाले. काढला. त्यांनी पाहिलं, दोन्हीकडे दाबून पाहिलं. बोटं गार होती. मी म्हटलं आता काहीतरी बोलतील. तर म्हणाले, 'हे पुष्कळ पुरुषांना असतं.' आणि हात धुवायला गेले." बाबा काचेतून समोर बघत होते. "एवढंच, गेथिन. पुष्कळ पुरुषांना असतं. साठ वर्षं झाली, एवढं एक वाक्य कोणी सांगितलं नव्हतं मला."

मग म्हणाले, आता भूक लागली. धक्क्यावर मासे आणि बटाट्याचे काप घेतले. वारा होता, पण ऊनही होतं. बाबांनी कोट काढून मागच्या सीटवर टाकला, मग जाकीट, आणि नुसत्या सदऱ्यावर, वरची दोन बटणं उघडी टाकून, धक्क्याच्या कठड्यावर बसून जेवले. एका समुद्रपक्ष्याने त्यांचा काप पळवला. त्याला त्यांनी दूरवर ऐकू जाईल अशी शिवी दिली.

सोमवारपासून माझी गाडी सुरू. पुस्तकांचे खोके थोडे थोडे उचलायचे आहेत.